पंचेचाळीस रकाने

कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी शिडीवर होते. वरच्या बांधावरची तिरफळं त्या आठवड्यात एकदम लाल झाली होती आणि खुडायला आम्ही दोघीच होतो, मी आणि वानछिंग. कमरेला टोपली, डाव्या हातात फांदी ओढायची आकडी, उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख देठात. तिरफळाच्या फळाला बोट लावायचं नसतं. देठ दाबून अख्खा घोस खुडायचा. फळ चिरडलं की त्यातलं तेल सुटतं आणि वाळल्यावर दाणा काळा पडतो. काट्यांसाठी जुन्या विजारीच्या बाह्या करून कोपरापर्यंत चढवल्या होत्या, तरी काटे जायचे तिथे जातच होते. तेलानं बोटं बधिर झालेली, त्यामुळे रक्त आलं की दिसायचं, दुखायचं मात्र नाही.

"आई!" वानछिंग खालून ओरडली. हातात माझाच फोन. "लागला!"

"किती?"

"पाचशे सात."

साडेसातशेतले पाचशे सात म्हणजे चांगले की वाईट, मला कळेना. मी पाचवी शिकलेली बाई. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती ओठ मिटून हसत राहिली, तेव्हा कळलं.

"बरं झालं," मी म्हटलं. "आता ती टोपली उचल. तुझे बाबा अंगणात ऊन धरून बसलेत."

वानछिंगच्या बाबांचा, माओलिनचा, उजवा गुडघा अधू आहे. शिडी चढणं त्यांना जमत नाही. ते अंगणात सिमेंटवर तिरफळं पातळ पसरतात, लांब काडीनं उलटवतात, दाणा उकलून काळी बी बाहेर पडली की चाळतात. निकाल ऐकला तेव्हाही त्यांची काडी थांबली नाही. फक्त म्हणाले, "मास्तरीण होणार म्हणजे." आणि शेजारच्या अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं परत एकदा म्हणाले.

पोरीला मार्क पडले पाचशे सात आणि आमच्या दारात सल्ले आले पाच हजार. पसंतीचा अर्ज भरायला आठ दिवस होते. अर्जात रकाने पंचेचाळीस. एकेका रकान्यात एक कॉलेज आणि त्याच्या शाखा, आवडीच्या क्रमानं. शेजारची गोऊ वहिनी म्हणाली, नर्स कर, आजारी माणसं कधी संपत नाहीत. चक्कीवाला म्हणाला, बीजिंगमधलं कुठलंही टाका, कसलंही असलं तरी बीजिंग आहे. ज्याचा मुलगा दोनदा नापास झाला होता तोसुद्धा बांधावर अर्धा तास उभा राहून आम्हाला समजावून गेला. मी त्याच्या हातात टोपली दिली आणि म्हटलं, "बोला, बोला, पण बोलता बोलता खुडा." तेव्हा त्याला काम आठवलं.

तिसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ जियुआन तालुक्याहून गाडी घेऊन आला. त्याचं तिथं खाणावळीचं हॉटेल आहे, वर चार खोल्या. पांढऱ्या बुटांनी अंगणात शिरला आणि पसरलेल्या तिरफळांवर पाय पडणार तोच वानछिंगच्या बाबांनी काडी आडवी धरली.

"दाजी, हे बघा," त्यानं गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढलं. समुद्राकाठचं शहर, काचेच्या इमारती, तळ्यात हंस. "आंतरराष्ट्रीय अर्थव्यवहार. माझ्या गिऱ्हाइकाचा मित्र तिथं प्रवेशाचं बघतो. आपल्या पोरीला जागा राखून ठेवतो म्हणालाय."

"हंस कशाला?" मी विचारलं.

"अगं ताई, शोभेला."

"शिकवतात काय?"

"लिहिलंय ना. आंतरराष्ट्रीय."

वानछिंगनं पुस्तक शेवटून उघडलं. बारीक अक्षरं वाचली. "मामा, हे कॉलेज दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच नावाचं होतं. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्यांचं काय झालं, ते कुठंच दिलेलं नाही."

"तू विचार ना फोन करून!"

तिनं तिथंच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडची बाई मधासारखं बोलत होती. वानछिंगनं विचारलं, तुमच्याकडे आता शिकत असलेल्या एखाद्या मुलीशी बोलता येईल का? बाई म्हणाली, आधी जागा राखण्याची रक्कम भरा, मग सगळ्यांशी बोलणं होईल. पोरीनं आभार मानले आणि फोन ठेवला. जियुआनचे कान लाल झाले. माझा भाऊ वाईट नाही. आठवीत शाळा सुटली त्याची. चकचकीत कागद दिसला की त्याला वाटतं, आपलं जे राहिलं ते त्या कागदात आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेत पालकांना बोलावलं होतं. आम्ही मोठी माणसं गुडघे वर घेऊन पोरांच्या बाकांवर बसलो. वर्गात तिरफळांचा वास कोंदला होता, कारण सगळेच रानातून उठून आलेले. वर्गशिक्षक छ्यू मास्तर बारीक अंगाचे, घसा कायमचा बसलेला.

"किती जणांनी घरी विचारलं," त्यांनी सुरुवात केली, "की बाळ, कोणता विषय घेऊन बसलास की तुझं जेवणाकडे लक्ष राहत नाही?"

दोन हात वर झाले. त्यातला एक चुकून झाला होता.

"आणि किती जणांनी ठरवलं की कुठं पाठवायचं?"

सगळे खाली बघू लागले.

"रकाने पंचेचाळीस आहेत म्हणून पंचेचाळीस भरायलाच हवेत असं नाही. जिथं मिळाल्यावर पोर रडेल, ते नाव लिहू नका. 'कुठलीही शाखा चालेल' अशी एक चौकट आहे. खूण केलीत तर जागा हुकायची भीती कमी, पण मग कॉलेज देईल ती शाखा चार वर्षं शिकावी लागेल. तेव्हा त्या कॉलेजातली नावडती शाखासुद्धा आधी वाचा, मग खूण करा. मागच्या वर्षी बाहेर पडलेली मुलं आज कुठं आहेत, ते विचारा. फोनवरच्या गोड माणसाला नाही, तिथल्या मुलांना. आणि जमलं तर जाऊन बघा."

मागून कोणीतरी म्हणालं, "हंगाम चाललाय, मास्तर!"

"सून आणायच्या आधी तिचं घर बघायला जाता. तेव्हा हंगाम आड येतो का?"

सगळे हसले. मी हसले नाही. मला ते पटून गेलं होतं.

दुपारी कुटलेल्या बटाट्याचा गोळा आणि आंबट भाजीचं पाणी वाढलं. वानछिंगनं चार घास खाल्ले आणि चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"मला डोंगराचं शिकायचंय," ती म्हणाली.

"कशाचं?" तिचे बाबा.

"डोंगर का खचतो, कधी खचेल, कसा थांबवायचा. भूगर्भ अभियांत्रिकी. लानझोऊला आहे. माझे मार्क पुरतात."

चार वर्षांपूर्वी पलीकडच्या वाडीवर डोंगर उतरला होता. सोळा घरं गेली, माणूस एकही गेला नाही, कारण तपासणीला आलेल्या दोघींनी आदल्या दिवशी भेगा बघून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. त्या दोघींना वानछिंग पाणी नेऊन द्यायची. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात हे असणार. मला माहीत नव्हतं. तिच्या बाबांनाही.

त्यांनी वाटी सरकवली. "अठरा वर्षं आम्ही तुला डोंगरातून बाहेर काढायला राबलो. आणि तू शिकून परत डोंगरातच येणार? हातोडी घेऊन? मास्तरीण हो. सावलीत नोकरी, सुट्ट्या, कोणी बोट दाखवत नाही."

"बाबा, मला पोरांसमोर उभं राहून बोलायला आवडत नाही."

"मला शिडीखाली उभं राहायला आवडतं?"

ते उठले आणि लंगडत उन्हात गेले. त्या दिवशी त्यांनी तिरफळं इतक्यांदा उलटवली की दाणे आपसूक बी सोडू लागले.

मी भांडी घासत विचार केला. मुलीचं म्हणणं मला कळत नव्हतं आणि नवऱ्याचं पूर्ण कळत होतं. पण जे कळतं तेच बरोबर, असं थोडंच असतं? मास्तर म्हणाले होते, जाऊन बघा.

"उद्या आम्ही दोघी लानझोऊला चाललो," मी अंगणात जाऊन सांगितलं. "पहाटेची गाडी. संध्याकाळी परत."

"झाडं लाल झालीयत. परवापासून पाऊस सांगितलाय."

"माहीत आहे."

"माणूस मिळत नाही खुडायला, आणि तू सहलीला निघालीस?"

"सहलीला नाही. घर बघायला."

गाडीत मी हात जाकिटाच्या खिशात लपवून बसले होते. तिरफळाचा डाग हंगामात नखांवरून जात नाही. समोरच्या बाईनं दोनदा नाक मुरडलं आणि जागा बदलली. वानछिंग खिडकीतून बोगदे मोजत होती.

कॉलेजच्या दाराशी गणवेशातला रखवालदार होता. मला आपादमस्तक बघून म्हणाला, "मावशी, भाजी मागच्या दारानं."

"भाजी नाही," मी म्हटलं, "पोरगी आणलीय."

"आधी फोनवर वेळ घेतलीय? कोणाला भेटायचंय?"

"कॉलेजला."

तो हसला. "कॉलेजला भेटता येत नाही. बाजूला व्हा, गाडी येतेय."

काळी गाडी आली, त्यानं सलाम ठोकला, दांडी वर गेली, खाली आली. आम्ही भिंतीला चिकटून उभ्या. वानछिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, चल परत."

"कशाला? मागचं दार आहे म्हणाला ना तोच."

मागच्या दाराशी कोबीचा टेम्पो उभा होता. एक जाड बाई एकटीच खोकी उतरवत होती आणि ड्रायव्हरला शिव्या देत होती. मी काही न विचारता एक खोकं उचललं. वानछिंगनं दुसरं. वीस खोकी आम्ही तिघींनी आत नेली. शेवटचं खोकं ठेवल्यावर त्या बाईनं विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. पोरीला इथं घालायचं का, ते बघायला आलेय. दारावरून हाकललं."

ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. मेसची स्वयंपाकीण होती, लीश्यानकडची, आमच्या पलीकडच्याच तालुक्यातली. माझा हात हातात घेऊन तिनं बोटं बघितली. "तिरफळं. माझ्या आईचे हात असेच होते." मग तिनं आम्हाला शेवयांच्या दोन वाट्या वाढल्या.

"खरं सांग ताई," मी म्हटलं. "इथं कसं आहे?"

"इमारती जुन्या. हिवाळ्यात वरच्या मजल्यावर गरम पाणी कमी. पोरं मात्र अभ्यासाची. कुठल्या शाखेत घालतेयस?"

"डोंगराच्या."

"ती चिखलवाली! मला सगळ्यात जास्त भूक त्यांचीच माहीत. रानातून येतात आणि तीन-तीन वाट्या खातात. थांब, एक आहे इथं." तिनं खिडकीतून हाक मारली, "ए दोऊ यान, इकडे ये!"

दोऊ यान शेवटच्या वर्षाला होती. काळवंडलेली, ठेंगणी, बुटांना वाळलेला चिखल. तिनं आम्हाला प्रयोगशाळेत नेलं. लांबलचक खोल्यांत जमिनीतून काढलेल्या दगडांचे दांडे पेट्यांत ओळीनं ठेवलेले. यंत्रं जुनाट होती, रंग उडालेला, पण एकावरही धूळ नव्हती. हात लागून लागून मुठी गुळगुळीत झाल्या होत्या. मला ते बरं वाटलं. आमच्याकडेही आकडीची मूठ बघूनच कळतं, घरात कोण खुडतं आणि कोण नुसतं सांगतं.

मी थेट विचारलं, "मुलींना काम मिळतं का गं?"

"खोटं नाही बोलत, मावशी. काही कंपन्या तोंडावर सांगतात, मुलगे पाहिजेत. आमच्या वर्गात मुली नऊ. सात जणींची सोय लागली. एक पुढं शिकतेय. एक घरी बसलीय, रोज रडते."

"आणि तू?"

"ऑगस्टपासून सरकारी केंद्रात. खचणाऱ्या उतारांवर लक्ष ठेवायचं."

"नाही झेपलं तर शाखा बदलता येते?"

"पहिल्या वर्षानंतर. आमच्या वेळी चौघांनी मागितली, एकाला मिळाली. तेव्हा बदलता येईल म्हणून येऊ नका, हेच हवं असेल तर या."

मग वानछिंग बोलायला लागली. घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारी ही पोर. पाणी मुरल्यावर उतार किती दिवसांनी सरकतो, आमच्याकडची माती अशी का, त्या दांड्यावरची ती करडी रेघ कसली. दोऊ यान उत्तरं देत होती, एकदा म्हणाली, "हे मला माहीत नाही, सरांना विचारावं लागेल," आणि दोघी त्या पेटीवर अशा वाकल्या की मी तिथं आहे हे दोघींच्या लक्षातून गेलं. मी एका स्टुलावर बसून बघत राहिले. शेवया खाऊन तास झाला होता, तिला पाणी प्यायचंही सुचलं नव्हतं. मास्तरांच्या प्रश्नाला मी आता दोन्ही हात वर केले असते.

परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "आई, तुला काय वाटलं?"

"वरच्या मजल्याची खोली मागू नकोस," मी म्हटलं. "गरम पाणी कमी असतं."

पाऊस सांगितल्याप्रमाणे आला. बारीक, चिकट, दोन दिवस. खुडलेली तिरफळं घरात खाटांवर, कपाटावर, ताटांत पसरली. झोपायला जागा उरली नाही आणि श्वास घेतला की जीभ बधिर व्हायची. तरी निम्मा माल काळा पडला. वानछिंगचे बाबा एकेक काळा दाणा वेचून वेगळ्या टोपलीत टाकत होते. गोऊ वहिनी दारातून डोकावली. "तो एक दिवस खुडलं असतं तर एवढं काळं पडलं नसतं, नाही? बरं, कॉलेज छान होतं ना?"

"छान होतं," मी म्हटलं. "तुझ्या धाकटीच्या वेळी सांग, खोकी कुठं उचलायची ते दाखवते."

अर्ज वानछिंगनं शाळेत मास्तरांसमोर बसून भरला, फोन नंबर माझा दिला. पंचेचाळीसपैकी अकराच रकाने भरले. पहिलं लानझोऊचं. दुसरं शीआनचं, तोच विषय. तिसरं आमच्याच जिल्ह्यातलं शिक्षकांचं कॉलेज. अर्ज तीस तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत बदलता येणार होता. घरी येऊन तिनं बाबांना कागद दाखवला. त्यांनी तो बघून परत दिला.

तीस तारखेला ऊन लख्ख पडलं. ते सकाळीच वाळलेल्या मालाची पोती घेऊन तालुक्याला गेले. मी आणि वानछिंग वेगवेगळ्या बांधांवर. दोनच्या सुमारास माझ्या खिशात फोन थरथरला. बधिर बोटांनी काढायला वेळ लागला. संदेश होता. मी एकेक अक्षर लावत वाचलं: पसंतीच्या अर्जात बदल करण्यासाठी आपला सांकेतिक क्रमांक... पुढं सहा आकडे.

मी शिडीवर तशीच उभी राहिले. वानछिंग खालच्या बांधावर होती, दोन्ही हात फांदीत. तिनं काही केलं नव्हतं.

फोन वाजला. वानछिंगचे बाबा.

"एक आकडा आला असेल," ते म्हणाले. आवाज घाईचा. मागं जियुआनच्या हॉटेलातली भांडी वाजत होती. "सांग तो."

"कशाला?"

"काम आहे. जियुआन लिहून घेतोय. सांग लवकर, दोन मिनिटांत बाद होतो."

"काय काम आहे?"

त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "तिसरं आहे ते पहिलं करायचं. बाकी काही हात लावत नाही."

अर्ज उघडायचा परवलीचा शब्द लिहिलेला कागद कपाटात होता. तो त्यांनी सकाळी पोत्यांबरोबर नेला असणार. एकोणीस वर्षं ह्या माणसाबरोबर राहिले. हरवलेली कोंबडीसुद्धा दुसऱ्याच्या अंगणातून न विचारता उचलली नाही त्यांनी.

"आकडा आलाय," मी म्हटलं. "मी सांगणार नाही."

"चुनरोंग!"

"ओरडू नका. शिडीवर आहे मी."

"उद्या पोरगी डोंगराखाली सापडली म्हणजे तू भरून देणार आहेस? तुला काय कळतं त्यातलं?"

"कळत नाही म्हणूनच बघून आले. तुम्ही बघितलंत?"

"मी तिचा बाप आहे!"

"मग बापासारखे घरी या. आत्ता अडीच होतील. सहापर्यंत वेळ आहे. तिच्यासमोर बसून बोला. ती स्वतः म्हणाली बदला, तर आकडा मी माझ्या तोंडानं सांगेन. तिच्या पाठीमागे नाही."

फोन बंद झाला. दोन मिनिटांनी पुन्हा एक संदेश, नवे सहा आकडे. मी तो वाचला आणि खिशात ठेवला. फोन मात्र आला नाही. मी खाली उतरले आणि झाडाला टेकून बसले.

साडेतीनला जियुआनची गाडी खाली रस्त्यावर थांबली. तो गाडीतच बसून राहिला. वानछिंगचे बाबा एकटेच चढ चढून आले, गुडघा धरत. मी पोरीला हाक मारली. झालं ते सरळ सांगितलं. ती पांढरीफटक पडली. बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आकडा माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "आता बोला तुम्ही दोघं."

वानछिंगच्या बाबांनी विजार वर करून गुडघा दाखवला. वानछिंगनं तो हजारदा पाहिला होता, तरी त्यांनी दाखवला.

"बोगद्याच्या कामावर पडलो असं तुला सांगितलंय. पडलो नाही मी. छत खाली आलं. आम्ही सहा जण होतो, बाहेर निघालो चौघं. सहांतला एक शिकलेला होता, तुझ्याहून थोडाच मोठा, चष्मा होता, दगड तपासायला नेमलेला. मी त्याच्या पेट्या वाहायचो. मला म्हणायचा, माओलिन दादा, पावसात इथं उभं राहू नका. तो राहिला आत." त्यांनी विजार खाली केली. "तेव्हा तू सहा महिन्यांची होतीस. डोंगराचं शिकायचं म्हणालीस ना, तेव्हा मला त्याचा चष्मा दिसला. सारखा दिसतोय."

हे मलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी फक्त पाय बघितला होता.

वानछिंगचा राग कुठं गेला, कळलं नाही. ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"बाबा, त्यानं आधी सांगितलं होतं ना, थांबा म्हणून?"

"रोज सांगायचा."

"मग का नाही थांबवलं?"

"ठेकेदार म्हणाला, घाई आहे. तो एकटा पोरगा. त्याचं कोण ऐकणार?"

"पलीकडच्या वाडीत ऐकलं. म्हणून सोळा घरं गेली आणि माणसं राहिली." ती थांबली नाही. "त्याच्यासारखे अजून दहा असते तर तुमचा गुडघा गेला नसता. मी मास्तरीण झाले, तर वाईट मास्तरीण होईन, बाबा. तीस पोरांचं नुकसान करीन. ह्यात मी चांगली होईन, हे मला माहीत आहे. तरी तुम्ही म्हणत असाल तर आई आकडा देईल. पण तुम्ही माझ्याकडे बघून म्हणा."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. नंतर माझ्याकडे.

"मुलींना घेतात का कामावर?"

"नऊतल्या सात," मी म्हटलं. "एक घरी बसून रडते. तेही सांगते."

"आणि ते मास्तरकीचं... तिसऱ्या नंबरवर का ठेवलंस?"

"तुमच्यासाठी," वानछिंग म्हणाली.

"तिसऱ्या?"

"तिसऱ्या."

त्यांनी नाकातून हवा सोडली. हसणं होतं की काय होतं, कोण जाणे. "दुसऱ्यावर तरी ठेवायचं होतंस," ते म्हणाले आणि खिशातून परवलीचा कागद काढून तिच्या हातात दिला. "हा मी विचारल्याशिवाय घेतला होता." एवढंच. आमच्याकडे बाप पोरीची माफी मागत नाहीत. त्यांनी ती मागितली असं मी धरून चालले.

खाली जियुआननं हॉर्न वाजवला. मी ओरडून सांगितलं, "वर ये, आणि ते पांढरे बूट काढून ये. दोन झाडं राहिलीयत!" तो आला. सहा वाजले तेव्हा आम्ही चौघंही खुडत होतो. वानछिंगचे बाबा जमिनीवरूनच, हाताला येतील तेवढ्या फांद्या. कोणी घड्याळाकडे बघितलं नाही, निदान बघितलं असं कबूल केलं नाही.

जुलैच्या अखेरीस लानझोऊचं पत्र आलं. पहिल्या रकान्यातलं. चक्कीवाल्यानं विचारलं, बीजिंग का नाही? वानछिंगच्या बाबांनी त्याला उभ्या उभ्या सांगितलं, की कॉलेज गावाच्या नावावरून निवडतात ते येडे, तिथं जाऊन यंत्रांवर धूळ आहे का बघावं लागतं. जणू स्वतःच जाऊन आले होते.

ती निघायच्या आठवड्यात ते एका सकाळी तिला म्हणाले, "चल." पहार खांद्यावर टाकली. दोघं खालच्या रस्त्याला, जिथं डोंगर कापलाय, तिथं गेले. मी वरच्या बांधावर उरलेली तिरफळं वेचत होते, मला सगळं दिसत होतं. ते कड्याच्या अंगाला उभे राहिले आणि पहारीनं दगडावर मारलं. ठण्ण. वानछिंगला काहीतरी सांगितलं. दोन पावलं बाजूला होऊन पुन्हा मारलं. ह्या वेळी आवाज पोकळ आला, धप्प, मला वरपर्यंत ऐकू आला. त्यांनी हात धरून तिला मागं ओढलं.

मग पहार तिच्या हातात दिली.

तिनं मारलं. कान लावला. मान हलवली, हा पोकळ नाही. पुढं सरकली. पुन्हा मारलं. ते आता मागं उभे होते, हात पाठीशी, आणि ती एकेक पाऊल तपासत कड्याच्या बाजूनं पुढं चालली होती.